यमुताईच्या फोनचं मूळ

गांधीबाग, नागपूर
संक्रांतीनंतरचा मंगळवार, दुकानातून

चि. सुशील यास,

गोपाळमामाचे पोटभर आशीर्वाद. (आपल्याकडे मामानेच भाच्याच्या पाया पडायचं असतं, म्हणून आशीर्वादातच एक नमस्कारही धरून घे. वाकायचं म्हटलं तर आता गुडघे परवानगी देत नाहीत.) सौ. अपेक्षाची पाठ कशी आहे? खुशीचा पुढचा दात पडल्याचा फोटो पाहिला. दात पडल्यावर एवढी खूश झालेली व्यक्ती मी दुसरी पाहिली नाही. इकडे तुझी मामी ठीक, मी ठीक, दुकान लग्नसराईच्या आधी असतं तसं, म्हणजे बोलायला फुरसत नाही आणि बोलायला माणसं भरपूर. हे सगळं मी तुला फोनवरही लिहू शकलो असतो. पण फोनवर लांब लिहिलं की तू वरच्या दोन ओळी वाचून अंगठा पाठवतोस. कागदाला अंगठा दाखवता येत नाही, म्हणून कागद.

विषय तुझ्या आईचा आहे. घाबरू नकोस, यमुताईची तब्येत ठणठणीत आहे. तिने कोणाचं काही वाईटही केलेलं नाही. फक्त तुझ्या नोकरीच्या बाजूने पाहिलं तर थोडं केलं आहे. तू बंगलोरला बसून बँकांच्या ॲपवर पहारा देतोस, ज्या फोनचं कुलूप तोडलेलं असेल त्या फोनवर ॲप उघडू नये अशी व्यवस्था करतोस, हे तू मला दिवाळीत चकल्या खाता खाता समजावून सांगितलं होतंस. तर कामठीत एका फोनचं कुलूप तोडलेलं आहे, त्यावर बँकेचं ॲप व्यवस्थित उघडतं आहे, आणि तो फोन तुझ्या आईचा आहे. (हे पत्र ऑफिसात उघडलं असशील तर खिशात घाल आणि घरी जाऊन वाच.)

आता पहिल्यापासून सांगतो. ताईचे कान कसे गेले ते तुला माहीत आहे. तुझे वडील गेल्यावर तिने पॉवरलूम स्वतः चालवले, आणि एका शेडमध्ये इतके माग एकदम खटखटत असले की तिथे माणूस बोलत नाही, नुसता तोंड हलवतो. माग विकले, शेड भाड्याने दिली, पण कानातली खटखट काही कोणी विकत घेतली नाही. तू मशीन बसवून दिलंस कानाचं, ते समोरासमोर चांगलं चालतं. पण फोन जवळ नेला की ते शिट्टी मारतं. ते काढून ठेवलं तर फोनचा आवाज पुरत नाही. आवाजाची पट्टी शेवटपर्यंत ओढली तरी आतला माणूस विहिरीत पडल्यासारखा बोलतो. स्पीकर लावला तर शब्द फाटतात आणि गल्लीला मात्र सगळं स्वच्छ ऐकू जातं. म्हणून आपण सगळ्यांनी काय केलं? फोन करणं सोडून दिलं आणि मेसेज सुरू केले. ‘आई जेवलीस का’, ‘आई गोळी घेतली का’. तिनेही ‘हो’ लिहायचं.

आणि दिवाळीत तू म्हणालास की आई, आता इथे एकटीने कशाला, बंगलोरला चल, बँकेचं मी बघतो. तू प्रेमाने म्हणालास, मला माहीत आहे. तू गेल्यावर तिने मला विचारलं, “गोपाळ, फोनले इतका आवाज असूनही तो पुरा सोडत काहून नाही गा?” मी म्हणालो की कंपनीने तेवढीच मर्यादा ठेवली असेल. “कंपनीनं? फोन कोनाचा हाये?” मी म्हणालो, तुझा. “मंग कंपनी कोन होते?”

या प्रश्नाचं उत्तर तुझ्याजवळ असेल तर कळव.

ती शोधायला लागली. व्हिडिओ तिला ऐकू येत नाहीत, त्यामुळे तिने वाचायचा रस्ता धरला. जगभरची माणसं कुठे कुठे लिहून ठेवतात, ते सगळं इंग्रजी. ते ती फोनलाच मराठीत करायला सांगायची, आणि फोन जे मराठी करायचा ते असं: ‘बूट चढवणाऱ्याचे कुलूप काढा. प्रतिमा चमकवा. मूळ मिळवा. चुकल्यास आपले यंत्र वीट बनेल.’ हे तिने मला मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं एखाद्या मांत्रिकाच्या नादी लागली. पण ताईने त्यातून बरोबर अर्थ काढला. फोन विकत घेतला तरी त्याच्या अगदी आतल्या खोलीची किल्ली कंपनी आपल्याला देत नाही. ती किल्ली मिळवणं म्हणजे रूट, म्हणजेच हे ‘मूळ’. ती मिळाली की कानाजवळचा आवाज किती सोडायचा ते आपण ठरवायचं. आणि वीट म्हणजे फोन कायमचा बंद. (मी घरी येऊन तुझ्या मामीला सांगितलं की ताई सध्या मुळाच्या मागे लागली आहे. मामीने दुसऱ्या दिवशी मला न सांगता मूळव्याधीवरची सुरणाची भाजी आणि ताक घेऊन कामठी गाठली. त्या दोघींचं पुढे काय बोलणं झालं ते मला कोणी सांगत नाही.)

कुलूप काढायला कंपनीकडे आधी अर्ज करावा लागतो आणि अर्ज केल्यावर कंपनी उगाच ताटकळत ठेवते, की माणसाने विचार बदलावा. ताईने तेवढ्या वेळात फोनमधले सगळे फोटो माझ्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतले, कारण कुलूप काढलं की आतलं सगळं पुसलं जातं. आणि फोनचा जो भाग बदलायचा, त्याची जशीच्या तशी एक नक्कलही बाजूला ठेवली. मी विचारलं, हे कशाला. म्हणाली, “मागाचा पुर्जा काढला तर पह्यले तो जुना जपून ठेवाचा. नवा बसला नाही तर रात्रपाळी कशावर चालन?”

मग एका बुधवारी, भर बाजाराच्या वेळी, ती शेअर ऑटोने आली. फोन स्वच्छ धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेला, सोबत डबा. बिलाच्या कॉम्प्युटरसमोर बसली आणि मला म्हणाली, “तू तुहं काम कर.” माझं काम त्याच कॉम्प्युटरवर असतं हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. भंडाऱ्याचे एक जुने गिऱ्हाईक बिलासाठी बसले होते. त्यांना मी हाताने बिल करून दिलं, तरी ते उठले नाहीत. त्यांना काय चाललं आहे ते पाहायचं होतं. हळूहळू शेजारच्या दुकानातलेही आले. ताई चष्मा नाकावर आणून एकेक ओळ वाचायची, मान हलवायची आणि तीच ओळ जशीच्या तशी कॉम्प्युटरवर मारायची. एका बोटाने. घाई नाही, घाम नाही. मी मात्र उभ्या उभ्या दोन चहा सांडले.

शेवटी फोन सुरू झाला. कंपनीचं नाव आलं. गेलं. परत आलं. परत गेलं. त्याच्या पुढे काही जाईना. भंडाऱ्याचे गिऱ्हाईक मांडीवर हात मारून म्हणाले, “वीट झाली जी!” (यांना तो शब्द कुठून कळला? ताई वाचत होती ते सगळं त्यांनी पाठ केलं होतं.) मी म्हणालो, ताई, जाऊ दे, बर्डीच्या बाजारात दुरुस्तीवाला आहे, त्याला दाखवू, नाहीतर नवीन घेऊ. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, “धागा तुटला असन. कुठं तुटला ते पाहू तर द्या.” तिने सगळं वरपासून परत वाचलं. घोटाळा असा होता की तिने जुन्या भागाच्या जागी चढवलेला नवा तुकडा त्याच फोनचा, पण त्याच्या आतल्या व्यवस्थेच्या आधीच्या आवृत्तीचा होता. बाजूला ठेवलेली जुनी नक्कल तिने परत चढवली. फोन उठून बसला. मग बरोबर तुकडा शोधला, तो चढवला, आणि फोन पुन्हा उठला. या वेळी आतल्या खोलीची किल्ली घेऊन. भंडाऱ्याच्या गिऱ्हाइकाने खिशातून बर्फीचा पुडा काढला. तो त्यांनी घरी न्यायला घेतला होता.

आवाजाचा आकडा एका फाईलमध्ये असतो, तो तिने वाढवला. मग मला म्हणाली, गोदामात जा आणि फोन लाव. मी मागे गेलो, साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये उभा राहिलो आणि सवयीप्रमाणे ओरडलो, “ताई, ऐकू येते का?” तिकडून कपाट पडल्यासारखा आवाज आला. तिने फोन कानापासून फेकला होता. “वरडून काहून राहिला गा! आता बोल सादं.”

मी साधं बोललो. काय बोललो ते आठवत नाही. जेवली का, असंच काहीतरी. मग ती हळूच म्हणाली, “गोपाळ, तुहा आवाज बुढ्यासारखा झाला गा.”

सुशील, इतकी वर्षं फोनवर तिने माझं फक्त ओरडणं ऐकलं होतं. ओरडणाऱ्या माणसाचं वय कळत नाही. मी गोदामातून लगेच बाहेर आलो नाही. गठ्ठे मोजतोय असं दाखवलं.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती, पण तुझी जमात मध्ये आली. घरी जाऊन ताईने बँकेचं ॲप उघडलं. ॲपने तिला सांगितलं की आपले उपकरण सुरक्षित नाही, आणि दार लावून घेतलं. पैसे पाठवायचं दुसरं ॲप आहे, त्याने तर काही न सांगताच लावलं. म्हणजे हिशोब असा झाला की कान हवा असेल तर बँक नाही आणि बँक हवी असेल तर कान नाही. मी म्हणालो, महिन्यातून एकदा शाखेत जा. ती म्हणाली, चल माझ्याबरोबर. गेलो. तिथे नंबर पुकारतात, सुशील. नंबर दाखवणारी पाटी बंद होती. तिचा नंबर पुकारला गेला, तिला ऐकू आला नाही, पुढचा माणूस गेला. काचेच्या आतली मुलगी चांगली होती बिचारी, पण काचेतून ती काय बोलते ते ताईला कळेना आणि ताई काय म्हणते ते सगळ्या शाखेला कळायला लागलं. शेवटी मी मध्ये पडून बोललो. बाहेर आल्यावर ताई ऑटोत म्हणाली, “माह्या खात्याचं तू बोलला.” एवढंच म्हणाली. मला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं, कारण मी मदतच केली होती आणि तरी तिचं खरं होतं.

मी म्हणालो, ताई, परत पहिल्यासारखा करून टाक फोन. मेसेजवर चाललंच होतं की. तिने माझ्यासमोर पोह्यांची बशी ठेवली आणि पुन्हा चष्मा लावला. नंतरचे कित्येक दिवस ती ॲप नेमकं बघतं काय, याच्या मागे होती. (हे तुला पाठ असेल. तरी माझ्या भाषेत ऐक, मला सांगायचा आनंद घेऊ दे.) रूट करणाऱ्या ॲपमध्ये एक जागा असते, तिथे टिक केलं की त्या त्या ॲपला रूट दिसत नाही. तिने बँकेवर टिक केलं. बँक तरी उघडेना, कारण बँकेच्या ॲपने रूट आधीच पाहिलं होतं आणि ते त्याच्या लक्षात होतं. मग बँकेच्या ॲपची आठवण पुसली. तरी नाही, कारण रूट करणारं ॲपच नावानिशी समोर बसलेलं. त्याचं नाव बदलता येतं. नवीन नाव विचारलं तेव्हा ताईने टाकलं ‘भजनावली’. मी म्हणालो, बँक फसेल का याने? म्हणाली, “बुढीच्या फोनमंधी भजनं नसन तर बँकेले शंका येईन.” मग फोन अस्सल असल्याचं एक प्रमाणपत्र लागतं, ते मिळावं म्हणून आणखी एक छोटा तुकडा बसवावा लागला. तेव्हा बँक उघडली. पण पैशाचं ते दुसरं ॲप अजून रुसलेलंच.

त्या दिवशी दुपारी मी आणि तुझी मामी कामठीला होतो. मी मनातून हार मानली होती, तोंडाने फक्त तिळगुळाचं कौतुक करत होतो. ताई फोनची एकेक सेटिंग उघडून बघत होती, जशी ती पूर्वी कापडाचं ठाण उजेडात धरून बघायची, कुठे दोष आहे का. आणि एकदम हसली. कॉम्प्युटरला जोडण्यासाठी सेटिंगमधली जी एक खुंटी तिने दुकानात चालू केली होती, ती तशीच चालू राहिली होती. बंद केली. ॲप उघडलं. एवढा मोठा किल्ला सर केला आणि मागच्या दाराची कडी उघडी राहिली होती. तिने शेडचं लाईटबिल भरलं, आमच्यासमोर, कोणाला काही न विचारता. मग उठून चहा ठेवला. मामीने पदर डोळ्याला लावला, मी खोकलो.

आता तू म्हणशील, मामा, हे धोक्याचं आहे. तुझा हा प्रश्न मी तुझ्या वतीने तिला विचारला. ताईने तुझ्यापेक्षा शांतपणे उत्तर दिलं. ठेवी सगळ्या दुसऱ्या बँकेत आहेत, त्या बँकेचं ॲपच तिने घेतलं नाही. या फोनच्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतंच असतं. आणि किल्ली कोणी मागितली तर फोन आधी तिला विचारतो. एका टॉर्चच्या ॲपने मागितली होती. “उजेड पाडाले साऱ्या घराची किल्ली काहून पायजे?” म्हणून तिने टॉर्चच काढून टाकला. हा प्रश्न आपल्यापैकी कितीजणांनी आपापल्या टॉर्चला विचारला आहे?

मी आयुष्यभर गांधीबागेत बसून मोठमोठे हुशार लोक पाहिले. भाव पाडणारे, माल ओळखणारे, हात लावून सुतात भेसळ सांगणारे. पण ऐकू येत नाही, इंग्रजी येत नाही, कोणी शिकवायला नाही, आणि तरी एकही दिवस ‘माझ्याच नशिबी का’ न म्हणता, एका बोटाने, वाचत वाचत, आपल्या हक्काची किल्ली काढून घेणारी बाई मी एकच पाहिली आणि ती माझी थोरली बहीण आहे. तिला बंगलोरला न्यायचं की नाही ते तू ठरव, मी मध्ये पडणार नाही. फक्त तिला ‘आता जमत नाही’ म्हणून नेऊ नकोस. तिला जमतं.

सौ. अपेक्षाला आशीर्वाद. खुशीला सांग, दुसरा दात पडला की मला कळव, मी दातासाठी बर्फी पाठवतो.

तुझा,
गोपाळमामा

ता. क. १: या पत्रामागचं खरं काम राहिलंच. तुझ्या कंपनीतून ॲपची नवीन आवृत्ती निघाली की ताईचं दार पुन्हा बंद होण्याची भीती आहे. तर ती केव्हा निघणार आणि तिच्यात काय नवीन पहारा आहे, ते आधी जरा कानावर घालशील का? घरचंच काम आहे. तुझं नाव मी कुठे घेणार नाही.

ता. क. २: वरची ता. क. रद्द समज. ताई आज जुन्या सवयीने सुताच्या भावाची चौकशी करायला बाजारात आली होती, तिने पत्र वाचलं. म्हणाली, पोराच्या इमानाला हात लावू नको, दार बंद झालं तर मी बसली आहे उघडायला. तेव्हा खरं काम दुसरंच आहे आणि ते तिने सांगितलेलं नाही, मी सांगतो. फोनवर ऐकू येऊ लागून आता बरेच दिवस झाले. या दिवसांत त्यावर गॅसवाल्याचा फोन आला, माझा आला, आणि कर्ज देणाऱ्या मुलींचे रोज येतात. ताई त्यांचं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेते आणि मग विचारते की बाई, जेवली का. तुझे मात्र मेसेजच येतात. तुला कोणी सांगितलं नसेल म्हणून सांगतो.

ता. क. ३ (हे वेगळं अक्षर तुझ्या आईचं आहे, माझ्या हातातून पेन घेतला):

सुशील, मामाले लिवाचा शौक आहे, अर्धं सोडून दे. चहा त्यानं दोन नाही, चार सांडवले. मी रयवारी सकाळी फोन लावतो म्हणत होती, पण तूच लाव. खुशीले जवळ बसवजो. घाईत असशीन, बोलाले काही सुचलं नाही, तर नुसतं ‘हं’ म्हणजो. तेवढं ऐकू येते आता.